थंडीचे माहात्म्य

सुशिक्षित समाजात काही मते अशी रुळून जातात की पुढे त्यांस कोणी पुरावा मागत नाही. ‘थंड देशांतील माणसे उद्योगी, म्हणून ते देश संपन्न; उष्ण देशांतील माणसे आळशी, म्हणून ते देश दरिद्री’ हे असेच एक मत आहे. नांदेडच्या किंवा लातूरच्या कोणत्याही बैठकीत एप्रिलच्या दुपारी पंख्याखाली बसून हे मत उच्चारावे, की चहूकडून माना डोलू लागतात. ज्यांचा मुलगा टोरांटोस किंवा म्युनिकला असतो ते गृहस्थ तेथील बर्फाचे व तेथील लोकांच्या कामसूपणाचे वर्णन एका दमात करितात, जणू एकातून दुसरे आपोआप उगवते. ज्यांचा मुलगा येथेच आहे ते कपाळ पुसून म्हणतात, “चव्वेचाळीस अंशांत माणूस काम तरी काय करणार?” आणि मग चहा येतो. चहा आला म्हणजे मराठवाड्याच्या मागासलेपणाचा प्रश्न सुटला असे समजून मंडळी दुसऱ्या विषयाकडे वळतात.

या मतास आमचा विरोध आहे, आणि तो केवळ तात्त्विक नाही. मत निरुपद्रवी असते तर आम्ही लेखणी उचलली नसती. परंतु ज्या प्रदेशात पाणी, पीक आणि माणूस या तिन्ही गोष्टींविषयीचे निर्णय दरवर्षी चुकत आहेत, त्या प्रदेशातील शिकलेला माणूस सर्व दोष सूर्यावर टाकून मोकळा होतो तेव्हा त्या चुका करणाऱ्यांस एक फुकटचा वकील मिळतो. सूर्यावर खटला भरता येत नाही, हे त्या वकिलास पक्के ठाऊक असते.

प्रथम या मताची वंशावळ पाहू. ते आपले नव्हे. पदवीबरोबर आलेला हा पाहुणा आहे. फ्रेंच पंडित माँटेस्क्यू याने १७४८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या कायदेविषयक ग्रंथात ते मोठ्या थाटाने मांडले. थंड हवेने शरीराचे तंतू आवळले जातात आणि माणूस बलवान होतो, उष्णतेने ते सैल पडतात आणि तो भित्रा होतो, असे त्याचे म्हणणे. त्यासाठी त्याने एक प्रयोगही केला होता. मेंढीची अर्धी जीभ गोठवली आणि तिच्यावरील बारीक उंचवटे आत गेलेले पाहिले. मेंढीच्या जिभेवरून तो जो निघाला तो थेट हिंदुस्थानास पोहोचला आणि येथील लोक स्वभावतःच भित्रे, असा निकाल देऊन थांबला. पुढे १९१५ साली अमेरिकेतील येल विद्यापीठाचे भूगोलतज्ज्ञ एल्सवर्थ हंटिंग्टन यांनी ‘सिव्हिलिझेशन अँड क्लायमेट’ या ग्रंथात त्याच मतास आकड्यांचा अंगरखा चढविला. कनेक्टिकटच्या कारखान्यांतील मजुरांचे काम आणि लष्करी व नाविक विद्यालयांतील विद्यार्थ्यांचे गुण त्यांनी तपासले, आणि शरीरश्रमास सुमारे ६४ अंश फॅरनहाइट व बुद्धीच्या कामास सुमारे ३८ अंश फॅरनहाइट हे उत्तम तपमान, असे ठरविले. जगातील कोणते प्रदेश किती सुधारलेले हे कसे ठरविले म्हणाल, तर निरनिराळ्या विद्वानांस पत्रे पाठवून त्यांची मते मागविली! पत्रे पाठविणारा न्यू इंग्लंडचा, उत्तरे देणारे बहुतेक पाश्चात्त्य आणि नकाशात सर्वांत सुधारलेले देश निघाले ते त्यांचेच. आमच्या महाविद्यालयातील एखाद्या विद्यार्थ्याने आपली उत्तरपत्रिका स्वतःच तपासली तर आम्ही त्यास वर्गाबाहेर काढू. हंटिंग्टनसाहेबांचे मात्र आम्ही पिढ्यानपिढ्या दाखले देत आलो.

जाता जाता सांगावयास हरकत नाही की ३८ अंश फॅरनहाइट म्हणजे सुमारे साडेतीन अंश सेल्सिअस, आणि आमच्या शेजारच्या परभणीस काही वर्षी डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा पाच अंशांच्याही खाली जातो. त्या पहाटे परभणीत बुद्धीचा पूर लोटतो, असा अनुभव कोणी अद्याप लिहून ठेवलेला नाही.

आता सिद्धान्ताची कसोटी इतिहासावर लावू. त्यासाठी आम्ही फिनलंड हा देश घेतो, कारण थंडीच्या भक्तांस तो विशेष प्रिय आहे. शाळा पाहाव्यात तर फिनलंडच्या, असे आमचे शिक्षणखात्यातील मित्रही म्हणतात. आज तो देश जगातील संपन्न देशांत आहे, हे खरे. पण दीडशे वर्षांपूर्वी तेथे काय होते? १८६७ साली वसंत आलाच नाही. तळ्यांवरचा बर्फ मे सरला तरी हलला नाही. पेरणी लांबली, आणि सप्टेंबरच्या आरंभीच कडक हिम पडून उभी पिके जळाली. झाडांच्या सालीचे पीठ मिसळून भाकरी करण्याची वेळ लोकांवर आली. कोठे काम मिळेल, कोठे तुकडा मिळेल म्हणून कुटुंबेच्या कुटुंबे हिमातून चालत निघाली आणि त्यांच्याबरोबर साथीचे रोग गावोगाव पोहोचले. जेमतेम अठरा लाख वस्तीच्या त्या देशात १८६६ ते १८६८ या काळात सुमारे दीड लाख माणसे मेली. म्हणजे दर बारा-तेरा माणसांमागे एक! ज्या थंडीने पुढे हा देश श्रीमंत केला असे आपण म्हणतो, तीच थंडी तेव्हाही होती. किंबहुना अधिक होती. माणसेही तीच होती, आणि आळशी तर खासच नव्हती.

मग बदलले काय? बदलली ती व्यवस्था. १८९० साली त्या लोकांनी ‘मुर्ताया’ नावाचे बर्फ फोडणारे जहाज आणविले आणि हांको बंदर हिवाळ्यातही उघडे ठेवण्याचा उद्योग आरंभिला. १८९९ साली सहकाराचा प्रसार करणारी ‘पेल्लेर्वो’ संस्था निघाली. १९०५ साली लोण्याच्या निर्यातीसाठी दूधसंघांनी मिळून ‘वालिओ’ ही संस्था काढली. १९१८ च्या कायद्याने कुळांस जमिनी विकत घेण्याचा हक्क मिळाला आणि १९२१ साली शिक्षण सक्तीचे झाले. जंगलातील लाकूड हिवाळ्यात घसरगाड्यांवरून बर्फावर ओढून नदीकाठी आणावयाचे आणि वसंतात बर्फ वितळून नदी फुगली म्हणजे तिच्यावर सोडून द्यावयाचे ही त्यांची जुनी रीत. तिला कागदाच्या गिरण्यांची जोड मिळाली. थंडी हा त्यांचा शत्रू होता. त्या शत्रूची एकेक सवय ओळखून त्यांनी त्यास कामास लावले. हे ज्यास दिसत नाही आणि नुसता बर्फच दिसतो, त्यास प्रवासाचा खर्च फुकट गेला म्हणावयाचा.

उलट उदाहरणही आहे. सोव्हिएत सरकारने सायबेरियाच्या अतिथंड प्रदेशात हुकुमाने मोठमोठी शहरे वसविली. त्या शहरांस ऊब देण्याचा, त्यांच्यापर्यंत माल नेण्याचा आणि गोठलेल्या जमिनीवर इमारती उभ्या ठेवण्याचा खर्च इतका झाला की फिओना हिल आणि क्लिफर्ड गॅडी या दोन अभ्यासकांनी २००३ साली त्यावर ग्रंथच लिहिला आणि त्यास ‘सायबेरियाचा शाप’ अशा अर्थाचे नाव दिले. थंडी जर लक्ष्मी असती तर तिचे माहेर सायबेरियात असावयास हवे होते.

इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही. आपल्या महाराष्ट्रातच पाहा. महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटर उंचीवर आहे. १८२९ साली साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ते ठिकाण इंग्रजांकडे गेले, गव्हर्नर माल्कमच्या नावाने तेथे पेठ वसली, आणि मुंबई सरकार उन्हाळ्यात तेथे जाऊन राहू लागले. सरकारच राहावयास आल्यावर रस्ते झाले, बाजार झाला, बंगले झाले. आज देशातील बहुतेक स्ट्रॉबेरी महाबळेश्वर-पाचगणीच्या परिसरातून येते आणि २०१० साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. यावरून थंडीचे गोडवे गाणाऱ्याने आता विदर्भात चिखलदऱ्यास जावे. उंची सुमारे १,१०० मीटर, हवा तशीच गार, कॉफीसुद्धा पिकते. पण चिखलदरा हे ज्या मेळघाटात आहे तेथील कुपोषित बालकांच्या मृत्यूंचा प्रश्न १९९० च्या दशकापासून वर्तमानपत्रांत आणि उच्च न्यायालयात आहे. खानदेशातील तोरणमाळही तितकेच उंच आणि तितकेच थंड. आणि ज्या अक्राणी महालात ते आहे तो राज्यातील अत्यंत दरिद्री भागांपैकी एक. तीन डोंगर, एकच हवा. एकाच्या वाट्यास मुंबई-पुण्याची बाजारपेठ आणि दोनशे वर्षांचा सरकारी लोभ आला. उरलेल्या दोघांच्या वाट्यास सरकारी अहवाल आले. येथे हवामानशास्त्र आमच्या विद्वान मित्रांस काय मदत करणार, ते आम्हांस कळत नाही.

थंडी विकूनही माणसे श्रीमंत झाली आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर याने मॅसॅच्युसेट्सच्या तळ्यांवरील बर्फ कापून तो जगभर विकला. १८३३ च्या मे महिन्यात त्याचे ‘टस्कनी’ जहाज १८० टन बर्फ घेऊन निघाले आणि चार महिन्यांनी कलकत्त्यास पोहोचले तेव्हा त्यातला सुमारे १०० टन शिल्लक होता. पुढे मुंबईस आणि मद्रासेसही बर्फाची कोठारे झाली. मद्रासचे कोठार तर अद्याप उभे आहे. पण तळी गोठतात ती काही ट्यूडरपासून गोठू लागली नव्हती. त्याने आणि त्याच्या माणसांनी घोड्याने ओढावयाचा बर्फकाप्या नांगर वापरात आणला, लाकूडगिरणीत फुकट जाणारा भुसा बर्फाभोवती भरला आणि परतीला माल मिळेल म्हणून रिकामी निघणारी जहाजे स्वस्त भाड्याने घेतली. भुसा नसता तर मुंबईच्या धनिकांस थंड पाणी मिळाले नसते.

आणखी जवळचे उदाहरण लडाखचे. लेह येथे वर्षाकाठी पाऊस जेमतेम १०० मिलिमीटरच्या आसपास. हिवाळ्यात झऱ्यांचे पाणी वाहून जाते, कारण तेव्हा शेत गोठलेले असते. आणि एप्रिल-मेमध्ये पेरणीस पाणी हवे तेव्हा वरच्या हिमनद्या अद्याप वितळलेल्या नसतात. छेवांग नोर्फेल या स्थापत्य अभियंत्याने हिवाळ्याचे ते वाया जाणारे पाणी पाटांनी सावलीच्या उतारांवर नेऊन तेथे थांबविले. थांबलेले पाणी गोठले आणि पेरणीच्या वेळी पाझरू लागले. पुढे सोनम वांगचुक यांनी २०१३-१४ च्या सुमारास तेच पाणी उंच कारंजासारखे उडवून बर्फाचे स्तूप उभे केले. लडाखी माणसाने थंडीस पाण्याची तिजोरी केली.

आमचा मुख्य मुद्दा येथून सुरू होतो. अशी एक तिजोरी मराठवाड्यापाशीही आहे, आणि तिचीही किल्ली थंडीच आहे. ज्यांनी मराठवाडा केवळ उन्हाळ्याच्या बातम्यांतून पाहिला आहे त्यांस हे चमत्कारिक वाटेल. पण लातूर, उदगीर, औसा, निलंगा हा बालाघाटाच्या पठाराचा मुलूख, आणि देगलूर, बिलोली, मुखेड, कंधार हा मन्याड-मांजरेच्या खोऱ्यांचा मुलूख, यांतील भारी काळी जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते. पाऊस सरला की तीच ओल जमिनीच्या पोटात राहते. ऊन कडक असते तर ती महिन्याभरात उडून जाती. परंतु कार्तिकापासून माघापर्यंत हवा गार असते, बाष्प कमी उडते, रात्री दव पडते. आणि त्या साठवलेल्या ओलीवर, एकाही पाटाच्या थेंबावाचून, शाळू उभा राहतो, करडई उभी राहते, हरभरा फुलतो, जवस निळे होते. हरभऱ्याच्या फुलास गारवा लागतो. फुलोऱ्याच्या वेळी ऊन चढले तर घाटे धरत नाहीत. करडई तर थंडीभर जमिनीलगत पाने पसरून बसते, खाली मूळ सोडीत राहते आणि मग एकदम वर उठते. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेल्या ‘मालदांडी ३५-१’ या शाळूच्या वाणावर आमच्या कित्येक पिढ्यांचे पोट भरले, आणि त्याच्या कडब्यावर आमच्या बैलांचे. पश्चिम युरोपात जे गहू-बार्लीने केले ते येथे या चार पिकांनी केले.

आमच्या लोकांस हे पुरते ठाऊक होते, याचा पुरावा पोथीत शोधावयास नको. मार्गशीर्ष अमावास्येस लातूर जिल्ह्यातील आणि भोवतालच्या तालुक्यांतील झाडून सारी माणसे शेतावर जातात. तिला कोणी वेळ अमावास्या म्हणतात, कोणी येळवस. शेतात कडब्याची कोप घालतात, आत पांडव मांडतात, भज्जी, उंडे आणि आंबील यांचा नैवेद्य दाखवितात, आणि जो भेटेल त्यास जेवावयास बसवितात. जिल्हाधिकारी त्या दिवशी स्थानिक सुट्टी देतात. शहरात रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. महाराष्ट्राच्या इतर भागांतील पाहुण्यांस हा सण नवलाचा वाटतो. आम्हांस तो थंडीच्या पिकाचा वार्षिक हिशेब वाटतो: ऐन हिवाळ्यात उभ्या रब्बीस साऱ्या घराने जाऊन पाहून येणे.

आता त्या कोपीसाठी कडबा शोधावा लागतो. ज्या शिवारात येळवस साजरी होते तेथे भोवती ऊस असतो.

ऊस या पिकाशी आमचे वैर नाही. पण त्याचा आणि थंडीचा संबंध कसा आहे तो पाहा. थंडीने उसाचीही सोय होते. रात्रीच्या गारव्याने कांड्यांत साखर भरते, आणि म्हणूनच गाळपाचा हंगाम हिवाळ्यात असतो. पण हा जो उतारा वाढतो तो कारखान्याच्या वहीत जमा होतो. शेतास मात्र त्या उसासाठी बारा-बारा, अठरा-अठरा महिने पाणी द्यावे लागते, म्हणजे थंडीने वाचविलेली ओल आणि उन्हाळ्यासाठी राखलेले धरण दोन्ही खर्ची पडतात. उसाच्या एका हेक्टरास लागणाऱ्या पाण्यात हरभऱ्याच्या आठ-दहा हेक्टरांस दोन-दोन संरक्षक पाळ्या देता येतात, हा हिशेब कोणीही कागदावर करून पाहावा. हा हिशेब न करण्याचे फळ २०१६ साली मिळाले. मांजरा नदीवरील धनेगावचे धरण कोरडे पडले आणि १२ एप्रिल रोजी मिरजेहून पाण्याची आगगाडी लातुरास आली; दहा वाघिणी, पाच लाख लिटर. स्थानकावर माणसे तो देखावा पाहावयास जमली होती. ज्या जिल्ह्यात आगगाडीने पिण्याचे पाणी आणावे लागले त्या जिल्ह्याच्या कारखान्यांची धुराडी त्या आधीच्या हंगामातही पेटलीच होती. २०१९ साली मराठवाड्याच्या विभागीय आयुक्तांनीच या विभागात ऊस थांबवावा अशी शिफारस शासनास केली. शासनाने तिचे काय केले हे शिवारात जाऊन पाहावे.

थंडीची दुसरी लूट माणसांची आहे, आणि तिच्याविषयी आमचा सुशिक्षित वर्ग फारच थोडा बोलतो. मुखेड, कंधार, जळकोट येथील डोंगरी गावांतून दसरा-दिवाळी झाली की जोडपी ऊसतोडीस निघतात. बीडच्या लोकांविषयी सर्वांस माहिती आहे, आमच्या गावांविषयी कमी. त्यांची थंडी पाचटाच्या कोप्यांत जाते. पहाटेच्या काळोखात, बोटे वळत नाहीत अशा गारठ्यात, कोयता चालू होतो. मुले बरोबर असतात किंवा म्हाताऱ्या आजीपाशी असतात. दोन्ही ठिकाणी शाळा सुटते ती सुटतेच. ‘थंड देशांतील माणूस उद्योगी असतो’ म्हणणाऱ्या गृहस्थांनी पौषातल्या एका पहाटे ऊसफडात उभे राहून ही उष्ण देशाची आळशी माणसे पाहावीत. त्यांच्या श्रमात उणे काही नाही. त्यांच्या गावची रब्बी त्यांस घरी ठेवण्याइतकी उभी राहू दिली गेली नाही, एवढेच.

यावर आम्हांस सांगतात, “शेतकऱ्यास ऊस परवडतो, शाळू परवडत नाही, तुम्ही प्राध्यापक, तुमचे काय जाते?” पहिला भाग खरा आहे. शाळू काढावयास मजूर मिळत नाही. तो हाताने उपटावा लागतो. पाखरे राखावी लागतात. उसास कायद्याने ठरलेला भाव आहे आणि तो घेणारा कारखाना आहे. हरभऱ्यास जाहीर झालेला हमीभाव आहे खरा, पण खरेदी केंद्र उशिरा उघडते, नोंदणीची रांग लागते आणि गरजवंताचा माल तोवर आडत्याकडे गेलेला असतो. करडईस तर तेलघाण्यांबरोबरच अवकळा आली. स्वस्त धान्याच्या दुकानातून दशकानुदशके मुख्यतः गहू आणि तांदूळच मिळाल्याने आमच्याच ताटातून ज्वारीची भाकरी मागे सरली. २०२३ साली संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष पाळले तेव्हा आमच्याकडे तिच्यावर भाषणे झाली आणि भाषणांनंतर पुरी-भाजीचे जेवण झाले. या साऱ्यात शेतकऱ्याने चुकीचे काय केले? त्याने ज्या वाटेने पैसा येतो ती वाट धरली. प्रश्न आहे तो वाट बांधणाऱ्यांचा. उसाची वाट भांडवलाने, कायद्याने आणि राजकारणाने पन्नास वर्षे बांधली गेली; थंडीच्या पिकांची वाट कोणी बांधली नाही. देश आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल परदेशांतून आणतो, आणि तेलबियांचे जे पीक पाटाच्या पाण्यावाचून आमच्या काळ्या रानात येत होते ते आमच्याच डोळ्यांदेखत आटते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’ नावाचा करडईचा चांगला वाण दिला. वाण देऊन विद्यापीठाचे काम संपते, बाजार देणे त्याच्या हाती नाही.

हरभऱ्याने मात्र तग धरला आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सोयाबीन निघाले की त्याच रानात हरभरा पेरण्याची पद्धत लातूर भागात पसरली आणि तेथील डाळगिरण्यांस त्यामुळे काम मिळाले. म्हणजे जेथे पेरणीच्या मागे गिरणी आणि पेठ उभी राहिली तेथे थंडीचे पीक टिकले. आमचे म्हणणे याहून निराळे ते काय?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो करणाऱ्यांविषयी आम्हांस आदर वाटतो. ते म्हणतात की ज्या थंडीच्या भरवशावर तुम्ही बोलता ती थंडीच आता आखडत चालली आहे. हे खरे आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये देशाचे सरासरी कमाल तपमान १९०१ पासूनच्या कोणत्याही फेब्रुवारीपेक्षा अधिक होते. हरभऱ्याच्या घाट्यांत दाणा भरावयाच्या वेळी असे ऊन लागले की दाणा चिमतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपिटीने काढणीस आलेली रब्बी आडवी केली. दुसऱ्या बाजूने, अर्धापूरच्या केळीवाल्यास तीच थंडी वैरीण. पारा उतरला की केळीची वाढ थांबते आणि तो बिचारा पहाटे बागेत धूर करीत बसतो. थंडी ही सर्वांची सारखी मैत्रीण आहे असे आम्ही कधीच म्हटले नाही.

पण थंडी आखडते म्हणून रब्बी सोडावी, हा निष्कर्ष उलटा आहे. आखूड आणि ऊबदार हिवाळ्यात हरभरा येत नाही असे एकेकाळी आंध्राविषयीही म्हणत. लातुराहून बीदरमार्गे हैदराबादेस जाताना वाटेत पटानचेरू लागते. तेथे १९७२ पासून कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधनसंस्था आहे. तिने आणि भारतीय संशोधकांनी मिळून लवकर पक्व होणारे, ऊन चढण्यापूर्वी घाटे भरून घेणारे वाण काढले, आणि ‘जेजी ११’ सारख्या वाणांवर आंध्रातील हरभऱ्याचे क्षेत्र काही वर्षांत कित्येक पटींनी वाढले. तेथे हिवाळा आमच्याहून उबदार आहे. म्हणजे हिवाळा दोन आठवड्यांनी आखडला तर पीक दोन आठवड्यांनी आधी आणता येते. मात्र त्यासाठी बियाणे वेळेवर, पेरणीपुरती ओल नसेल तर एक पाळी पाणी, आणि फुलोऱ्याच्या वेळी आणखी एक पाळी एवढे हाताशी हवे. एवढे पाणी आमच्या धरणांत चांगल्या वर्षी असते. ते नोव्हेंबरात हरभऱ्यास द्यावयाचे की मार्चात उसास राखावयाचे, हा सूर्याने ठरविण्याचा प्रश्न नाही.

‘म्हैसमाळचे महाबळेश्वर करा’ अशी मागणी अधूनमधून मराठवाड्यात होते. होऊ द्या, हौशी मंडळींस दोन दिवस गार वारा मिळाला तर आम्हांस आनंदच आहे. पण महाबळेश्वरचा परिसर २००१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करावा लागला, तो थंडीच्या बाजाराने तेथील डोंगराचे काय केले हे पाहूनच. हजार मीटरांवरची चिमूटभर थंडी विकत घेण्यासाठी आम्ही निवेदने देतो, आणि दोन जिल्ह्यांच्या लाखो हेक्टरांवर दरवर्षी तीन महिने फुकट उतरणारी थंडी आमच्या निवेदनात येत नाही. लातूर पॅटर्नच्या शिकवणीत बसलेल्या मुलास वनस्पतीच्या श्वसनावर तपमानाचा परिणाम विचारा, तो धडाधड सांगेल. त्याच्या आजोबांच्या रानातला शाळू दसऱ्याच्या आसपासच का पेरतात, हे त्यास कोणी शिकविलेले नसते. तो पुढे डॉक्टर होऊन थंड देशात जाईल आणि तेथून वडिलांस कळवील की येथील लोक थंडीमुळे फार कामसू आहेत.

पाण्याच्या पाळ्या ठरतात त्या कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत. विष्णुपुरी असो, इसापूर असो, मन्याड असो की मांजरा, रब्बीस किती पाणी आणि उन्हाळी व बारमाही पिकांस किती, हे तेथे ठरते. बैठक पावसाळा संपता संपता होते. तीत मंत्री, आमदार, पाटबंधारे खात्याचे अधिकारी आणि लाभक्षेत्रातील वजनदार बागायतदार बसतात. कोरडवाहू रब्बी करणाऱ्याचा माणूस तीत क्वचितच असतो. आमच्या ओळखीच्या वकिलांत, डॉक्टरांत, प्राध्यापकांत त्या बैठकीचा कार्यवृत्तान्त मागवून वाचलेला एकही गृहस्थ आम्हांस आजवर भेटला नाही. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. अर्जास दहा रुपये लागतात. या वर्षीची बैठक होण्यापूर्वी निदान गेल्या पाच वर्षांचे कार्यवृत्तान्त तरी नांदेड आणि लातूर येथील कोणी दहा सुशिक्षित माणसांनी मागवावेत, आणि कोणत्या महिन्यात किती पाणी कोणत्या पिकास गेले ते स्थानिक पत्रांतून आकड्यांसह छापावे.